वजा तीस

आमच्या साडूंच्या इतकं चंचल ब्लडप्रेशर अख्ख्या पुणे शहरात दुसऱ्या कोणाचं नाही, आणि असलंच तर त्या गृहस्थाने ते लपवून ठेवलेलं असणार. साडूंनी आपलं कधीच लपवलं नाही. सकाळी दात घासताना ते एकशेपंचवीस असतं, दुधाची पिशवी गळकी निघाली की एकशेचाळीसवर जातं, गॅलरीतल्या झोपाळ्यावर जरा टेकलं की उतरतं आणि डॉक्टरांच्या दारावरची पाटी वाचून होईपर्यंत पुन्हा एकशेसाठला भिडतं. हे सगळे आकडे मला पाठ आहेत, कारण गेली कित्येक वर्षं माझ्या सासुरवाडीच्या गोतावळ्यात दुसरा विषयच नाही. लग्न असो, बारसं असो, कोणाच्या तेराव्याला जमलेलो असू, दारात चपला काढता काढता पहिला प्रश्न हाच येतो, "भाऊजींचं प्रेशर काय म्हणतंय?" मी तिथेच शेजारी उभा असतो. कोणीतरी भीड म्हणून माझ्याकडे वळतं आणि म्हणतं, "तुमचं काय बुवा, तुम्ही ठणठणीत!" आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढे निघून जातं. आडपडदा न ठेवता सांगतो, मला आमच्या साडूंचा हेवा वाटतो. अजूनही वाटतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. राहायला बिबवेवाडीला, नोकरी सगळी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. उंच, गोरे, भरघोस भुवयांचे आणि बोलायला लागले की समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. मी राहतो कसबा पेठेत, एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो, आणि माझ्या भुवयांबद्दल आजवर कोणी काही बोललेलं नाही. सासुरवाडीच्या मुलांमध्ये साडूंना 'मोठे काका' म्हणतात. मला 'दुसरे काका' म्हणतात. माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मंगल कार्यालयात पंख्याखालची खुर्ची साडूंसाठी राखून ठेवलेली होती, आचाऱ्याने त्यांच्यासाठी वेगळी, बिनमिठाची भाजी काढून ठेवली होती, आणि सासरी निघताना ती पोर हुंदके देत त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "मोठे काका, गोळी वेळेवर घ्यायची हं." सगळ्यांचे डोळे पाणावले. मग ती माझ्यापाशी आली. मीही डोळे पुसायच्या तयारीत होतो. ती म्हणाली, "दुसरे काका, ती निळी बॅग तेवढी गाडीत ठेवता का?" मी ठेवली.

या प्रेशरचा साडूंनी जो अभ्यास केला होता तो बघून मात्र थक्क व्हायला व्हायचं. एकच माणूस, एकच दंड, एकच पट्टा, आणि तरी दर वेळी आकडा निराळा का येतो, हे ते कोणालाही आणि कुठेही समजावून सांगायला तयार असत. एकदा स्वारगेटच्या बसथांब्यावर त्यांनी एका संपूर्ण अनोळखी गृहस्थाला धरलं. त्या बिचाऱ्याचा अपराध इतकाच की तो "आज डोकं तापलंय" असं आपल्या बायकोला म्हणाला होता. "जिना चढून आल्या आल्या मोजलंत? चूक," साडू सुरू झाले. "पायावर पाय टाकून बसला होतात? चूक. हात खाली लोंबकळत होता? चूक. पट्टा शर्टावरून बांधला? मग काय, आनंदच. लघवीला लागलेली दाबून बसलात तरी वाढतं, चहा पिऊन बसलात तरी वाढतं, थंडीत वाढतं, मोजताना बोललात तरी वाढतं. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवायचा, आणि दोनदा मोजून पहिला आकडा विसरून जायचा." तो गृहस्थ म्हणाला, "अहो, मी डोक्यात राग चढला म्हणत होतो." साडू शांतपणे म्हणाले, "तेच सांगतोय, रागानेही वाढतं." त्यांची बस निघून गेली, त्या गृहस्थाचीही निघून गेली, आणि त्याची बायको मात्र ताईंचा फोन नंबर घेऊन गेली.

त्यांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गाड्या लावायच्या जागेवरून एकदा तुंबळ भांडण जुंपलं. साडू उठले, वर घरी गेले आणि आपलं मशीन घेऊन खाली आले. अध्यक्ष ओरडत होते त्याच अवस्थेत त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मग सेक्रेटरींचा वाचला. मग ज्या बाईंची स्कूटर दुसऱ्याच्या जागेत लागली होती त्यांचा. सभेत अशी काही शांतता पसरली की पुढचा ठराव सगळ्यांनी कुजबुजत मंजूर केला. ही हकिकत मला आमच्या हिने सांगितली, तीही डोळ्यांत कौतुक साठवून. मी म्हटलं, "बँकेत माझ्या काउंटरवर अशी भांडणं रोज मिटायची." ती म्हणाली, "हो का? कधी बोलला नाहीत." मी बोललो होतो. अनेकदा बोललो होतो.

दर रविवारी सकाळी साडू आमच्याकडे यायचे. बिबवेवाडीहून बसने शनिवारवाड्यापर्यंत आणि तिथून चालत. ते येणार म्हणून आमच्या घरात शनिवारपासून हालचाल सुरू. उपम्यात मीठ कमी, चटणीत मीठ कमी, आणि त्यांच्या एकट्यासाठी वेगळं कशाला करायचं म्हणून माझ्याही बशीत तेच. ही त्यांना म्हणायची, "भाऊजी, पाठीला उशी घ्या." मला म्हणायची, "अहो, पाय उचला, केर काढायचाय." त्यांना धाप लागली तर पंखा वाढवायची. मला धाप लागली तर म्हणायची, "कशाला धावायचं इतकं?" मी काही दगड नाही. आपलंही प्रेशर थोडंफार वर जावं, निदान एखाद्या रविवारी कोणी आपल्याही पाठीला उशी द्यावी, असं मला वाटू लागलं आणि मी प्रयत्नाला लागलो. लोणचं वाढवलं, पापड वाढवले, टीव्हीवर चार माणसं एकदम ओरडतात ते चर्चेचे कार्यक्रम रोज मन लावून बघितले. एकदा तर साडू खाली दिसल्याबरोबर मी मागच्या जिन्याने धावत खाली गेलो आणि पुढच्या जिन्याने त्यांच्या आधी वर आलो. त्यांनी पट्टा बांधला. पाच मिनिटं गप्प बसवलं. आकडा आला एकशेअठरा, खाली शहात्तर. नेहमीचाच. साडू त्या आकड्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "काय माणूस आहात हो तुम्ही!" मला हे टोमण्यासारखं लागलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, एवढं तेव्हाही कळलं होतं.

कारण साडू रविवारी माझ्याकडे उपमा खायला येत नव्हते. ते मशीन तपासायला येत होते. ही गोष्ट समजायला त्यांची नोकरी समजून घ्यायला हवी. कारखान्यात ते गेज तपासायच्या खात्यात होते. गेज म्हणजे माप घ्यायचं साधन. कामगाराच्या हातात असतात ती रोजच्या वापराची गेजं, ती झिजतात, बिघडतात. म्हणून एक मास्टर गेज वेगळं, थंड खोलीत, मखमलीच्या पेटीत ठेवलेलं असतं. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. बाकीची सगळी गेजं अधूनमधून त्याच्याशी ताडून बघायची, आणि दोघांत फरक आला तर चूक नेहमी दुसऱ्याची, मास्टरची नाही. उभी हयात या एका नियमावर काढलेल्या माणसाच्या हातात निवृत्तीनंतर प्रेशर मोजायचं मशीन आलं, तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की हे ताडून बघायचं कशाशी? स्वतःशी बघून उपयोग नव्हता, कारण स्वतःचा भरवसा नाही. ताईंचं प्रेशर कमी राहायचं आणि त्यांना या प्रकारात रसही नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं की सबंध नात्यात एकच माणूस असा आहे ज्याचा आकडा उन्हाळ्यात, पावसाळ्यात, जेवणाआधी, जेवणानंतर हलत नाही. "साडूभाऊ," ते मला म्हणाले, "तुम्ही आमचे मास्टर गेज."

तेव्हापासून त्यांनी घेतलेलं प्रत्येक मशीन आधी माझ्या दंडावर चढलं. माझ्यावर एकशेअठराच्या आसपास आलं की पास, नाही आलं की नापास. लक्ष्मी रोडच्या एका औषधांच्या दुकानात ते असं नापास मशीन परत करायला गेले आणि पुरावा म्हणून मला बरोबर घेऊन गेले. दुकानदाराने आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. साडूंनी त्याला मास्टर गेजची कल्पना समजावून सांगितली. तो चष्मा न काढता म्हणाला, "मशीन बदलून मिळेल. साडू आम्ही ठेवत नाही." साडू बाहेर पडल्यावर मनापासून हसले. मी हसलो नाही. लोकांच्या घरात माणसाला दुखतंखुपतं म्हणून भाव मिळतो, आणि मला मिळाला तो मखमलीच्या पेटीतला. शिवायचं नाही, चौकशी करायची नाही, फक्त ताडून बघायचं.

साडूंना एका गोष्टीची फार हौस होती, ती म्हणजे सिंहगड पायथ्यापासून चढून जायची. कारखान्यातले त्यांचे निवृत्त सोबती महिन्यातून एकदा जायचे, वर पिठलं-भाकरी खायचे आणि दही खाऊन उतरायचे. प्रेशरचं दुखणं निघाल्यापासून डॉक्टरांनी साडूंना चढायला बंदी केली होती. "आकडा नीट ताब्यात येऊ दे, मग बघू," एवढंच ते म्हणत. आमचे दोघांचे डॉक्टर एकच, कसबा पेठेतलेच. त्या सोबत्यांचे फोन आले की साडू गॅलरीत जाऊन बोलायचे आणि परत आले की बराच वेळ काही बोलायचे नाहीत. न बोलणारे साडू मला तेवढेच दिसले. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यापुरता मला त्यांचा हेवा वाटायचा नाही.

मग तो रविवार आला. साडू नेहमीसारखे आले, उपमा झाला, त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा आला एकशेअठ्ठेचाळीस. मी खुर्चीत सरळ झालो. माझं मन एकदम कसं हलकं झालं ते सांगता येणार नाही. साडूंनी भुवया वर केल्या, मला पाच मिनिटं गप्प बसवलं, पुन्हा मोजलं. एकशेसत्तेचाळीस. दुसऱ्या दंडावर मोजलं. एकशेएकोणपन्नास. "माझं वाढलेलं दिसतंय," मी शक्य तितक्या सहज स्वरात म्हणालो, पण स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ही बाहेर आली, आकडा बघितला आणि खळखळून हसली. "तुमचं? तुम्हाला काय धाड भरलीय वाढायला!" साडू हसले नाहीत. ते मशीन हातात उलटंसुलटं करत बसले होते आणि त्यांचा चेहरा एखाद्या जवळच्या माणसाने खोटं बोलल्यासारखा झाला होता. शेवटी ते म्हणाले, "बिघडलं. तीसने जास्त दाखवतंय."

मी म्हटलं, "अहो, पण मशीन बरोबर आणि मी चूक, असं नाही का होऊ शकत?"

"साडूभाऊ," ते म्हणाले, "इतकी वर्षं बघतोय मी तुम्हाला."

आता तुम्ही म्हणाल, बिघडलेलं मशीन त्यांनी टाकून द्यायला हवं होतं. पण कारखान्याची रीत तशी नाही. साधन कितीने चुकतंय हे एकदा कळलं की ते टाकत नाहीत, त्यावर चूक लिहून ठेवतात आणि दर वेळी तेवढं वजा करून वापरतात. साडूंनी खिशातून पांढऱ्या कागदाचा एक छोटा चिकटणारा तुकडा काढला, त्यावर बारीक, सुबक अक्षरात लिहिलं 'वजा ३०', आणि मशीनच्या कपाळावर लावला. मग स्वतःचं मोजलं. आलं एकशेअठ्ठावन्न. वजा तीस. "एकशेअठ्ठावीस!" ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. ही टाळ्या वाजवायची तेवढी बाकी होती.

पुढचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत जळफळाटाचे. आजवर साडूंचं प्रेशर वाढतं म्हणून कौतुक होत होतं, आता ते उतरलं म्हणून होऊ लागलं. एकशेतीस, एकशेपंचवीस, एकदा तर एकशेबावीस. मेव्हण्याने पेढे दिले. त्याच्या लेकीने, त्या नव्या नवरीने, सासरहून फोन केला आणि मोठ्या काकांशी बोलून आनंदाने रडली. साडूंनी आपल्या मनाने गोळी अर्धी केली, "औषधाला गुण आलाय, उगाच जास्त कशाला," म्हणाले. डॉक्टरांकडे ते गेलेच नाहीत. तिथे गेलं की प्रेशर वाढतंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं, खुद्द डॉक्टरांनीच कधीतरी तसं सांगितलेलं होतं. आणि एका शुक्रवारी दुपारी हिने मला सांगितलं की भाऊजी उद्या पहाटे सिंहगड चढणार आहेत, पायथ्यापासून वरपर्यंत, आणि ताई सोबत द्यायला लाडू वळतेय. "बघा, या वयात!" ती म्हणाली आणि माझ्या पोटाकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो होतो, तोही स्वतःसाठी नाही. हिच्या गुडघ्याच्या गोळ्या लिहून आणायच्या होत्या. दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आलाच आहात तर बसा, बऱ्याच दिवसांत तुमचं बघितलं नाही." त्यांनी आपलं जुनं पाऱ्याचं उपकरण काढलं, पट्टा आवळला, आणि त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. त्यांनी मला बाकावर स्वस्थ बसवलं, मधे एका पोराचा खोकला बघितला, पुन्हा माझं मोजलं, मग दुसऱ्या हाताचं. "अहो, एकशेबावन्न आहे. खालचा पण वाढलाय. डोकं दुखतं का सकाळचं?" मी म्हटलं, "दुखतं अधूनमधून." "मग आला का नाहीत?" मी कोणाला सांगणार होतो की येऊन काय करू, माझ्यावर कोणाचा विश्वास नाही! त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, एक छोटी गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. ते आमच्याकडे आधीच कमी होतं.

दवाखान्यातून मी बाहेर पडलो तो जवळजवळ तरंगतच. चिठ्ठी खिशात घडी करून ठेवली होती आणि दर चार पावलांनी मी ती हाताने चाचपत होतो. घरी गेल्यावर काही बोलायचं नाही, चिठ्ठी नुसती टेबलावर ठेवायची आणि हात धुवायला जायचं, ही ती उचलेल, वाचेल, "अगबाई!" म्हणेल, असं सगळं मी ठरवत चाललो होतो. तांबट आळीच्या तोंडाशी भांडी ठोकायचा आवाज चालला होता. तिथे मी थांबलो. एकाएकी एक साधा हिशोब माझ्या डोक्यात उभा राहिला. माझं प्रेशर खरंच वाढलेलं होतं. म्हणजे मशीन बरोबर होतं. म्हणजे त्या मशीनवर साडूंचं जे एकशेअठ्ठावन्न, एकशेसाठ येत होतं ते एकशेअठ्ठावन्न, एकशेसाठच होतं, तेही अर्धी गोळी खाऊन, आणि तो माणूस उद्या पहाटे सिंहगड चढणार होता.

मी तिथूनच फोन लावला. साडूंचा फोन लागेना, शुभेच्छा देणाऱ्यांची रांग असणार. ताईंचा वाजत राहिला, त्यांचे हात लाडवांत. मी रिक्षा केली. आणि आता माझ्या स्वभावाचं काय सांगू, त्या रिक्षेत बसून पुन्हा पुन्हा फोन लावत असतानाही मनाचा एक कोपरा कुरकुरत होताच. मला आयुष्यात पहिल्यांदा प्रेशर झालं होतं, आणि त्याचीही बातमी शेवटी साडूंचीच होणार होती. मी ही चिठ्ठी दाखवली की घरातले सगळे धावणार ते बिबवेवाडीला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "जरा जोरात घ्या." तो म्हणाला, "काका, सिग्नलला मी नाही लावत लाल."

साडू हॉलमध्ये बसून बुटांना पॉलिश करत होते. शेजारी पाठीवरची पिशवी भरून तयार, तिच्यावर कानटोपी. मला बघून ते खूश झाले. "साडूभाऊ! निरोप द्यायला आलात की बरोबर येताय?" मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, आकड्यावर बोट ठेवून पुन्हा वाचली. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला बेसन लागलेलं. मी म्हणालो, "तुमचं मशीन बरोबर आहे. माझंच वाढलंय. म्हणजे तुमचे तीस..."

साडूंनी हात वर करून मला थांबवलं. ते उठले. मला वाटलं मशीन आणायला जातायत. त्यांनी झोपाळ्यावरची उशी आणली, मला खुर्चीत बसवलं आणि ती माझ्या पाठीशी सरकवली. मग समोर स्टूल ओढून बसले. "कधीपासून दुखतंय डोकं?" त्यांनी विचारलं. "चक्कर येते? छातीत जड वाटतं? जिना चढताना?"

"अहो, माझं राहू दे. तुम्ही उद्या गड चढताय."

"गड कुठे पळून जातोय?" ते म्हणाले. "सकाळचं दुखतं की दिवसभर? आणि कोणाला सांगितलंत का नाही?" ज्या माणसाच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडत होतो, तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून असा घाबरून बसला होता, आणि मला एकदम भरून आलं. आमच्या हिला अजून काही कळलेलंही नव्हतं. माझ्या जिवासाठी घाबरलेला पहिला माणूस तो. मी सांगत गेलो, सकाळचं डोकं, रात्रीची अर्धवट झोप, डाव्या कानात येणारा आवाज. आजवर कोणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि त्यांनी मधे एकदाही स्वतःचं काही काढलं नाही.

मग ताईंनीच मशीन आणून त्यांच्यापुढे ठेवलं. स्वतः पट्टा बांधला, स्वतः बटण दाबलं. एकशेबाहत्तर. कोणीच काही वजा केलं नाही. साडूंनी तो पांढरा तुकडा नखाने अलगद सोलून काढला, बोटांत गोळी करून बुटांच्या पॉलिशच्या डबीत टाकला आणि सोबत्यांना फोन लावायला गॅलरीत गेले. ताई म्हणाल्या, "आज तुम्ही आला नसतात तर..." आणि पदराने नाक पुसत आत गेल्या. लाडू आम्हीच खाल्ले, प्रत्येकी अर्धा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांची एकत्र कानउघाडणी केली. प्रेशर सगळ्यांचंच दिवसभर वरखाली होतं, त्यात नवल नाही, पण म्हणून एखादा आकडा आपल्याला आवडला नाही तर तो खोटा ठरत नाही, असं ते म्हणाले. गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही. आणि मशीन तपासायचं ते दवाखान्यात आणून उपकरणाशी, जिवंत माणसाशी नाही. "माणूस म्हातारा होतो हो," ते म्हणाले. साडूंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आता सगळं मला हवं होतं तसं आहे. मला पाठीला उशी मिळते. ही माझ्यासाठी पंखा वाढवते आणि शेजारच्या काकूंना माझा आकडा सांगते. नवी नवरी फोन करते आणि "दुसरे काका, गोळी घेतलीत?" असं विचारते. साडूंचं प्रेशर नव्या गोळ्यांनी बऱ्यापैकी बसलंय, आणि डॉक्टरांनी थोडं थोडं चालून बघा म्हटल्यामुळे ते एकदा सिंहगडाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आले. रविवारी मात्र ते येत नाहीत. मीच फोन केला तर म्हणतात, "तुम्हाला कशाला दगदग? आराम करा." मशीन ते महिन्यातून एकदा थेट दवाखान्यात नेतात.

परवा योगायोगाने आम्ही तिथे एकाच वेळी पोचलो. डॉक्टरांनी ते पाऱ्याचं उपकरण टेबलावर ठेवलं, साडूंनी शेजारी आपलं मशीन ठेवलं, दोन्ही आकडे जुळले, आणि साडू त्या पाऱ्याच्या उभ्या नळीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, "बिनचूक." तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मला त्या नळीचा हेवा वाटला. मला पोरांनी दुसरे काका म्हटलं, बायकोने ठणठणीत म्हटलं, बँकेने प्रामाणिक म्हणून एक शाल दिली. पण मी आणि यंत्र यांच्यात वाद झाला तर यंत्र चुकलं असणार, असं मानणारा माणूस मला जगात एकच भेटला. तोही आता तसं मानत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. डॉक्टर म्हणाले, "या, आता तुमचं बघू." साडूंनी उठून मला आपली खुर्ची दिली, आणि मी शर्टाची बाही वर केली.